छत्तिसावा स्वेटर

पोलिसानं माझ्या पिशवीला हात घातला, पण मी पिशवी सोडली नाही.

सोनौलीची कमान दहा पावलांवर होती. कमानीपलीकडं नेपाळ. आमच्या चर्चची बाकीची माणसं तपासणी उरकून कडेला चहा पीत उभी होती. मी एकटाच अडकलो होतो.

“ह्यात काय आहे?” त्यानं हिंदीत विचारलं. मीही हिंदीतच बोललो. माझं हिंदी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये शिकलेलं.

“स्वेटर.”

“स्वेटर तर त्या खोक्यात आहेत. बाईंनी लिहून दिलंय, पस्तीस. मग हा कुठला?”

“हा वेगळा. पुरा झालेला नाही.”

“बघू.”

मला हात ढिला सोडावा लागला. त्यानं स्वेटर बाहेर काढून उन्हात धरला. मरून रंगाचा, लहान मुलाच्या मापाचा. दोन्ही बाह्या लावलेल्या. डावा खांदा मात्र जोडायचा राहिलेला आणि त्या उघड्या कडेला क्रोशाची सुई लटकत होती. पिशवीच्या तळाशी स्टीलची डबी होती, ती खुळखुळली. ती त्यानं उघडली नाही.

“कुणी विणला?”

“बायकोनं.”

“मग तिला सांगा की पुरा करायला.” तो आमच्यातल्या बायकांकडं बघायला लागला. “कुठली?”

“ती आली नाही,” मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग स्वेटरची नीट घडी घातली, घरी घालतात तशी, आणि पिशवीत ठेवून दिली. “सुई सांभाळा,” म्हणाला.

मी वळलो तर मागं उजागरेबाई उभ्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

ह्याला आता तेरा वर्षं झाली. आम्ही नगरहून नऊजण निघालो होतो. आमचे पाळक आढाव, तरुण संघाची चार मुलं, महिला मंडळाच्या सेक्रेटरी उजागरेबाई, आणखी दोन बायका आणि मी. नेपाळात तानसेन शहराच्या पुढं डोंगरात सिमलडाँडा नावाचं गाव होतं. तिथल्या शाळेचे पत्रे वादळात उडाले होते. ते बसवायचे आणि मुलांना स्वेटर द्यायचे, एवढंच काम. तिकडं धर्माचा प्रचार करायला कायद्यानं बंदी आहे. पाळकांनी निघतानाच सगळ्यांना बजावलं होतं, “बोलायचं कमी आणि पत्रे ठोकायचे जास्त.”

यादीत माझं नाव नव्हतंच. नाव होतं सालोमीचं, माझ्या बायकोचं. ऑगस्टमध्ये ती गेली. पाळक घरी आले आणि म्हणाले, “काका, बाईंची जागा रिकामी आहे. तुम्ही चला. पत्रे बसवायला जाणता माणूस पाहिजेच.” मी नाही म्हणायच्या तयारीत होतो. पण घरी थांबायचं तरी कुणासाठी. आम्हाला मूलबाळ नव्हतं.

बस डोंगर चढायला लागली तशा उजागरेबाई माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसल्या. त्या सिव्हिलला नर्स होत्या, आता रिटायर. बोलणं इंजेक्शनसारखं.

“छत्तिसावा तुमच्याकडं होता तर.”

मी खिडकीबाहेर पाहिलं.

“भाऊ, मी तुमच्याशी बोलतेय. शाळेत लेकरं छत्तीस आहेत. मी तीन महिने हिशोब लावतेय की एक स्वेटर गेला कुठं. मला वाटलं, तिनं दिला आणि मीच हरवला.”

“तो अपुरा आहे.”

“दिसला मला. खांदा शिवायचा राहिलाय फक्त. द्या इकडं, बसमध्येच शिवते.”

“नको.”

“का?”

 सालोमीनं शेवटचा हात लावलेली ती वस्तू होती. सुई जिथं थांबली होती तिथंच होती. त्यावर दुसऱ्या कुणाचा टाका पडला की ते संपलं, असं मला वाटत होतं. पण हे बसमध्ये, उजागरेबाईंना कसं सांगणार?

“लोकर मंडळाची आहे,” त्या म्हणाल्या. मग जरा खाली आवाजात, “सालोमी माझीपण मैत्रीण होती. मी काही ओढून घेणार नाही. पण छत्तिसाव्या लेकराला काय सांगायचं ते तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार.”

त्या उठून आपल्या जागेवर गेल्या. मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो.

हे स्वेटरचं काम सालोमीनंच काढलं होतं. शाळेच्या बाईंचं पत्र आलं होतं, दिलमाया गुरुंग नावाच्या. तिकडं मुलांना स्वेटर लागतात, पण पुढून उघडे नकोत, बटणं तुटतात आणि छातीला वारा लागतो, बंद गळ्याचे असतील तर बरं. आमच्या बायका जन्मभर पुढून बटणांचे स्वेटर विणत आलेल्या. नगरची थंडी ती केवढी. पण सालोमीनं माप काढलं, वहीत टाके लिहून दिले, आणि सगळ्या कामाला लागल्या. रविवारी उपासना झाली की चर्चच्या ओट्यावर सुयांचा आवाज चालायचा.

तिचा एक नियम होता. अर्पणाची वस्तू आधी कुणी वापरायची नाही. हे तिच्या आईचं. कापणीच्या सणाला चर्चमध्ये द्यायची पपई असो नाहीतर अंडी, घरात कुणी त्यातलं चाखायचं नाही. एका बाईनं स्वेटर आपल्या नातवाच्या अंगात घालून बघते म्हटल्यावर सालोमी म्हणाली होती, “अंगाला लावून बघ. घालू नको. देवाला द्यायचा आहे, उष्टा करू नको.” मग सगळ्या तसंच करायच्या. मुलाला उभं करायचं, पाठीला स्वेटर लावायचा, लांबी-रुंदी बरोबर आली की घडी. जुलैमध्ये पस्तीस स्वेटर खोक्यात भरले, पाळकांनी प्रार्थना केली आणि खोकं बांधून ठेवलं. सालोमीचा एक राहिला होता. ती म्हणाली, मी मागून देते.

आणि त्याच सुमाराला आमचं भांडण झालं. तसं मोठं नाही. मला स्वयंपाकघराला चुना लावायचा होता म्हणून जुना शर्ट काढायला मी पेटी उघडली. पेटीत माझे ड्युटीचे खाकी शर्ट होते. एकाही शर्टाला बटण नव्हतं. खिशाचीसुद्धा नाहीत.

“हे काय केलंस? सगळ्या शर्टांची बटणं?”

ती विणत बसली होती. उंबऱ्यावर शेजारची चिंगी बसून लाडू खात होती. केस विस्कटलेले, कान लालभडक. खेळून आली असेल.

“अहो, एक काम आहे,” सालोमी म्हणाली.

“तीस वर्षं घातले मी ते शर्ट.”

“मग आता कुठं ड्युटीवर जायचंय तुम्हाला?” ती हसली. नेहमीसारखी नाही, जरा ओशाळल्यासारखी. “झालं की मग सांगते.”

मी चिडून उघड्या अंगानंच चुना लावला. ते नंतर सांगायचं राहूनच गेलं. दहा-बारा दिवसांत तिला ताप भरला. दवाखान्यात तीन दिवस होती. तिन्ही दिवस तिचं एकच, “पिशवी आणा ना घरून. आणि उजागरेबाईंना बोलवा. मला त्यांना दाखवायचंय.” मला वाटलं, आपलं विणकाम दाखवायची हौस. हाताला सलाईन आणि ह्या बाईला विणायचंय. मी म्हणालो, “उद्या आणतो.” दुसऱ्या दिवशीपण तेच म्हणालो. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

पिशवी मी घरातच खुंटीवर ठेवली होती. निघताना ती घेतल्याशिवाय मला दार ओढता आलं नाही.

सिमलडाँडा म्हणजे चढावर विखुरलेली घरं आणि मध्ये शाळा, दोन खोल्यांची. दिलमायाबाई तिशीच्या असतील. ठेंगण्या, भरभर चालणाऱ्या, आमच्याशी हिंदीत बोलणाऱ्या. मला पहिल्या दिवसापासून त्या ‘बुबा’ म्हणायला लागल्या. त्यांच्याकडं बापाला तसं म्हणतात. दोन दिवस आम्ही पत्रे ठोकले. उंचीवर बसून काम करताना माझं बरं चाललं होतं. तिथं माझ्याशी कुणी काही बोलत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेवटचा पत्रा बसला आणि स्वेटर वाटायचं ठरलं. मुलं रांगेत उभी केली. त्यांच्या आया कुंपणाच्या दगडांवर येऊन बसल्या, काहींच्या पाठीवर तान्ही बांधलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी आमची परतीची गाडी होती.

उजागरेबाई माझ्याजवळ आल्या. “रांगेतलं शेवटचं मूल तुमचं,” एवढंच म्हणाल्या.

सगळ्यात लहान मुलगी पहिली होती. पवित्रा तिचं नाव, सहा वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले. उजागरेबाईंनी निळा स्वेटर तिच्या डोक्यावरून घातला. तो कपाळापर्यंत आला आणि अडला.

“हात वर कर, बाळा.”

तिनं हात वर केले. बाईंनी ओढला. आतून बारीक आवाज आला. आणखी ओढला तर तो कानांवर बसला, धड खाली नाही की वर नाही. मुलं हसायला लागली. दिलमायाबाईंनी धावत येऊन तो वर ओढून काढला.

“हिचं डोकं जरा मोठं दिसतंय,” पाळक म्हणाले.

दुसऱ्या मुलालाही जाईना. तिसऱ्याला मोठ्या मापाचा घातला, तो नाकावर अडकला. पाचव्या मुलापर्यंत हसणं थांबलं होतं. आया एकमेकींकडं बघत होत्या. एक आई उठून आपल्या मुलाला रांगेतून घेऊन गेली.

उजागरेबाई पायरीवर बसल्या. मी त्यांना तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

“आपण मान मोजली,” त्या म्हणाल्या. “डोकं कुणी मोजलंच नाही. आणि एकीनंही कुणाला घालून बघितला नाही.”

“कात्रीनं गळा जरा मोठा केला तर?” पाळकांनी विचारलं.

“विणलेलं आहे, सर,” दिलमायाबाई म्हणाल्या. “कापलं की धागा सुटेल. आठ दिवसांत पोटापर्यंत उसवेल.” मग त्या घाईनं म्हणाल्या, “असू दे. तुम्ही एवढ्या लांबून आलात. आम्ही पांघरायला वापरू.” हे ऐकून तर आमच्यातल्या एका बाईला रडूच फुटलं.

पवित्रा माझ्या समोरच उभी होती. डोळे पुसत होती. केस उभे राहिलेले आणि कान लालभडक.

असे कान मी कुठंतरी पाहिले होते.

मी आमच्या उतरायच्या खोलीत गेलो. पिशवी काढली आणि खिडकीपाशी बसून, ती गेल्यापासून पहिल्यांदा, तो स्वेटर नीट पाहिला. इतके दिवस मी तो जवळ बाळगला होता, पाहिला नव्हता. डावा खांदा शिवायचा राहिला नव्हता. त्याची एक बाजू तिनं मुद्दाम उघडी ठेवून पक्की केली होती आणि त्या काठाला क्रोशानं फासे केले होते, बटण अडकवायला करतात तसे. एक, दोन. तिसरा अर्धा. सुई त्या अर्ध्यात.

मी डबी उघडली. आत माझी बटणं होती. खाकी, चार भोकांची. कडेला टवका उडालेलं माझ्या ओळखीचं एक. डबी जवळजवळ भरलेली. एका स्वेटरला लागतात त्याहून कितीतरी जास्त.

चिंगीनं तिच्याकडून लाडू का मिळवला होता ते मला तिथं बसून कळलं. सालोमीनं स्वतःचा नियम मोडून स्वेटर त्या पोरीच्या डोक्यातून घालून बघितला होता. आणि चूक कळल्यावर, पस्तीस स्वेटरांचं काम तिच्या मापानं फुकट गेलंय हे कळल्यावर, ती कुणाला काही बोलली नाही. आधी उपाय करून बघत होती. मग उजागरेबाईंना दाखवणार होती.

मी तिला उद्या आणतो म्हणालो होतो.

 बाहेर मुलं पांगायला लागल्याचा आवाज आला तसा उठलो.

पवित्राला मी गुडघ्यावर बसून हाक मारली. ती मागं सरकली. तिला पुन्हा डोकं अडकवून घ्यायचं नव्हतं. मी तिला उघडा खांदा दाखवला, हात घालून दाखवला. ती आली. सुई सांभाळत मी स्वेटर तिच्या डोक्यावरून घातला. तो अलगद खाली उतरला. कानांना लागलासुद्धा नाही.

उजागरेबाई उठून आल्या. त्यांनी खांदा पाहिला, फासे पाहिले. मी डबी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी आधी डबीत पाहिलं, मग माझ्याकडं.

“तिला कळलं होतं,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“सगळ्यांचीच डाव्या खांद्याची शिवण शेवटी घातलीय. तेवढी उसवली की गळापण उघडेल.” त्या माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलत होत्या. “धागा सुटणार नाही. नुसते फासे आणि बटणं. भाऊ, दिवसभरात होईल हे.” मग त्यांनी अर्ध्या फाशाकडं बोट केलं. “हा पुरा केल्याशिवाय मला बाकीच्यांना दाखवता येणार नाही. सुई काढावी लागेल. करू?”

पवित्रा अंग चोरून उभी होती. सालोमीचा हात जिथं थांबला होता ते टोक माझ्या डोळ्यांसमोर होतं.

“करा,” मी म्हणालो.

त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत.

मग शाळेच्या अंगणात चटया पडल्या. आमच्या तिघी, दिलमायाबाई आणि गावातल्या आया. त्या बायकांची बोटं आमच्या बायकांपेक्षा चपळ होती. एकदा फासा बघितला की पुढचा त्या न बघता करायच्या. तरुण संघाची मुलं खांदे उसवत बसली. बटणं लावायचं काम मी घेतलं. रांगेतून मुलाला घेऊन गेलेली ती आई परत आली आणि माझ्या सुईत दोरा ओवून द्यायला बसली.

“भाऊ, दोरा असा आवळताय जसं काय बसचं चाक बसवताय,” उजागरेबाई म्हणाल्या.

“माझं चाक कधी रस्त्यात निघालं नाही.”

त्या हसल्या. थोड्या वेळानं, बटणं लावता लावता, मी त्यांना दवाखान्यातलं सांगितलं. तीन दिवस ती काय म्हणत होती आणि मी काय म्हणत होतो. कुणालाच सांगितलं नव्हतं ते.

त्यांनी हातातला फासा पुरा केला. मला वाटलं, आता ऐकावं लागणार.

“मी आले असते तर काय झालं असतं माहितीय?” त्या म्हणाल्या. “मी तिचा चार्ट वाचला असता. प्लेटलेट बघितल्या असत्या. आणि तिच्या उशाशी बसून रडले असते. स्वेटरचं मी तिला तोंडसुद्धा उघडू दिलं नसतं. तुमच्यासारखंच म्हणाले असते, उद्या.”

त्यांनी दोरा दातानं तोडला आणि पुढचा स्वेटर ओढला.

दिवस मावळेपर्यंत बरेच झाले, उरलेले दुसऱ्या दिवशी सकाळी. गाडी यायच्या आधी मुलं पुन्हा रांगेत उभी राहिली, ह्या वेळी जरा घाबरत. मी प्रत्येकाच्या खांद्यावरची बटणं लावून दिली. मग ती शाळेसमोरच्या उतारावर पळायला लागली. निळे, हिरवे, पिवळे स्वेटर, आणि सगळ्यांच्या डाव्या खांद्यावर माझी खाकी बटणं. मी तीस वर्षं ती घालून गाड्यांखाली झोपलो होतो. इतकी चांगली ती कधी दिसली नव्हती.

पवित्रा निघताना मला काहीतरी म्हणाली. दिलमायाबाईंनी सांगितलं, “विचारतेय, अर्धा होता तो कुणी बनवला.”

“तुझ्या आजीनं, सांगा,” मी म्हणालो.

सोनौलीला परतलो तेव्हा कमानीपाशी तोच पोलीस होता. नऊजणांच्या पिशव्या बघत बघत माझ्यापर्यंत आला. माझी कापडी पिशवी हातात घेतली. आत स्टीलची रिकामी डबी आणि क्रोशाची सुई, एवढंच होतं.

“तो स्वेटर?” त्यानं विचारलं.

“दिला.”

“अपुराच?”

“नाही. पुरा झाला.”

“अच्छा झालं.” त्यानं पिशवी माझ्या हातात दिली. “घरी गेल्यावर बाईंना सांगा.”

उजागरेबाई माझ्या मागंच होत्या. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला, मला सावरायला असेल. पण त्याची गरज पडली नाही.

“सांगतो,” मी म्हणालो.